दुखत नसताना

।। श्री वीतरागाय नमः ।।

मळ्यातलं घर, तासगाव
दि. २० ऑगस्ट २०२४

ती. अक्कांना चंदनाचा सा. न. वि. वि.

तुमची राखी अगदी आदल्या दिवशी पोचली. साठीतल्या भावाला अजून चमकीची राखी पाठवणारी बहीण तुम्हीच! यांनी ती हातातून काढलीच नाही. तीच बांधून बागेत फवारणीला गेले, मोरचुदानं ती निळी झाली, तरी मिरवतायत. तुम्ही आलात तर ओळखणार नाही.

फोन करावा तर तुम्हाला ऐकू येत नाही, आणि इथं फोन स्पीकरवर ठेवून सगळं घर ऐकतं. त्यापेक्षा पत्र बरं. तुमचं कानाचं मशीन कपाटातच असणार, हे मला न सांगता कळतं. पण आता मशीनवरून तुम्हाला बोलायची सोय राहिली नाही, कारण परवा मिरजेच्या एका दवाखान्यात मलाही एक बसवलं.

खांद्याचं मेलं तेच दुखणं. द्राक्षांचे घड औषधात बुडवताना स्टुलावरून पडले त्याला यंदा सात वर्षं झाली. हाड जुळलं, दुखणं राहिलं. गोळ्या झाल्या, इंजेक्शनं झाली, शेक झाला, व्यायाम झाला. मिरजेच्या डॉक्टरबाई आपल्या श्रद्धाच्या वयाच्या. सासूच्या खांद्यावर सुनेच्या वयाची मुलगी सुई टोचणार म्हटल्यावर मी जरा घाबरलेच होते. पण हात हलका आहे. त्यांनी सोनोग्राफीच्या पडद्यावर बघत बघत सुईतून केसासारखी बारीक तार खांद्याच्या नसेजवळ नेऊन ठेवली. तिचं दुसरं टोक बाहेर, आणि दंडावर पट्टीनं चिकटवलेली काड्यापेटीएवढी डबी. डबी मंद करंट देते, त्यानं दुखण्याचा निरोप मेंदूपर्यंत पोचायच्या आत बोथट होतो, असं त्यांनी समजावून सांगितलं. मला आपलं दंडात मुंग्यांची रांग चालल्यासारखं वाटतं. डबी चालू असली की तिच्यावर हिरवा दिवा लुकलुकतो. आर्जव मला म्हणाला, आई, आता तुला अंधारात शोधायला नको.

ही तार दोनच महिने ठेवायची. गुण आला तर पुढं कातडीखाली कायमचं मशीन बसवायचं, नाही आला तर तार काढायची आणि घरी यायचं. दसऱ्यानंतर काय ते ठरणार. त्याच्यापलीकडे आता दुसरा उपाय नाही, असं बाईंनी स्पष्ट सांगितलं. तोवर पट्टी ओली करायची नाही, ओढायची नाही आणि खांद्याला तेल अजिबात लावायचं नाही.

तेलाचं ऐकून यांचा चेहरा बघण्यासारखा झाला. आपल्याकडे जेवणं दिवस मावळायच्या आत होतात. मग अंधार पडेपर्यंत कट्ट्यावर बसून माझ्या खांद्याला तेल चोळायचं, हे यांचं सात वर्षांत चुकलं नव्हतं. घरी आल्यावर बाटली कोनाड्यातून उचलली आणि कपाटात ठेवून दिली.

आर्जव आणि श्रद्धा तुम्हाला नमस्कार सांगतात. आमच्यावरची माया कपाटात ठेवू नका, ती बाहेरच असू दे.

तुमची,
चंदना

*

सातारा
दि. २७ ऑगस्ट २०२४

चि. सौ. चंदनास विजयमालाचे अनेक उत्तम आशीर्वाद. जय जिनेंद्र.

पत्र पोचलं. वाचून बरं वाटलं आणि काळजीही वाटली, दोन्ही एकदम. गेल्या दिवाळीत मी आले होते तेव्हा तू डाव्या हातानं कणीक मळत होतीस आणि मी बघितलं की हसत होतीस, ते माझ्या डोळ्यांपुढून जात नाही. तेव्हा या तारेला गुण येऊ दे, एवढंच मागणं आहे.

माझ्या कानाच्या मशीनबद्दल तू गप्प बसावंस. पाचगणीच्या बोर्डिंगात सगळा जन्म मुलींच्या कलकलाटात गेला. निवृत्त होऊन साताऱ्याला आले ती चार घास शांतपणे खायला. ते यंत्र कानात घातलं की कुकर बोलतो, पंखा बोलतो, वरच्या मजल्यावरची खुर्चीसुद्धा बोलते. मला नको बाई.

तू मात्र डॉक्टरीणबाई सांगतील तसं वाग. पाण्याच्या घागरी उचलायच्या नाहीत, वरच्या फळीवरचे डबे काढायचे नाहीत. आणि एक सांगून ठेवते, गुण आला तरी लगेच गावभर सांगत सुटू नकोस. बरी झालीस असं कळलं की कणकेची परात सरकत सरकत तुझ्यापुढे येईल. हसू नकोस, मी ते घर तुझ्याआधीपासून ओळखते.

धनपालला म्हणावं, राखी निळी झाली तरी चालेल, फवारणीला तोंडाला फडकं बांधून जात जा. सोबत स्ट्रॉबेरीच्या जॅमची बाटली पाठवते आहे, ती श्रद्धाला दे, आर्जवच्या हाती लागू देऊ नकोस.

खुशाली कळवत राहा. आठवण तर रोजच येते.

तुझी,
अक्का

*

।। श्री वीतरागाय नमः ।।

मळ्यातलं घर, तासगाव
दि. ६ सप्टेंबर २०२४

ती. अक्कांना चंदनाचा सा. न. वि. वि.

अक्का, गुण आला! आठवडाभर नुसत्या मुंग्याच होत्या, मनात म्हटलं, झालं, हेही वाया गेलं. आणि एके दिवशी पहाटे जाग आली तर मी उजव्या कुशीवर झोपले होते. किती वर्षांनी! तशीच पडून राहिले, हलले तर दुखेल म्हणून. नाही दुखलं. मग उठून आरशापुढं स्वतःची वेणी स्वतः घातली आणि घालता घालता रडले.

तुम्ही सांगू नकोस म्हणालात, पण तोंड कसं बंद ठेवायचं? श्रद्धानं तेवढ्यात बघितलंच. यांनी देवळात पेढे वाटले. गावात ज्याला त्याला माझ्या दंडावरचा दिवा दाखवतात. मी पुढं, आणि हे मागून एखाद्या मास्तरासारखे मशीनची माहिती सांगतात.

यंदा मुनिमहाराजांचा चातुर्मास आपल्या गावात आहे. आपल्या घरी इतक्या वर्षांत चौका लागला नव्हता, माझ्या हातामुळंच. महाराजांच्या आहाराचं करायचं म्हणजे विहिरीचं पाणी हातानं शेंदायचं, गाळायचं, धान्य निवडून घरीच दळायचं, सगळं सोवळ्यात. या खेपेस आम्ही चौका लावला, आता तो रोज सकाळी असतो. पहिल्याच दिवशी दारात कलश धरून मी उभी राहिले आणि महाराज आपल्याच दारी थांबले. कलश एकदाही खाली ठेवावा लागला नाही. अक्का, त्या दिवशी मला फार समाधान वाटलं, ते खोटं सांगत नाही.

घरचं ठीक. श्रद्धाला तासगावच्या पतसंस्थेत नोकरी लागली. केव्हापासून तिच्या मनात होतं, माझ्या हातामुळंच अडली होती. ती सकाळी जाते ती संध्याकाळी येते, त्यामुळं स्वयंपाक पुन्हा माझ्याकडे आला आहे. आर्जव बेदाण्याच्या कामानं फिरतीवर असतो. आता पर्युषण येईल, ते संपलं की बागेची फळासाठीची गोड छाटणी. यांनी छाटणीच्या टोळीला सांगितलं की यंदा दोन बायका कमी आणा, आमच्या घरचं माणूस बरं झालंय. मला विचारलं, जमेल ना. इतक्या आनंदानं विचारलं की नाही कसं म्हणायचं? दुखत तर नाही.

संध्याकाळी आता तेल नाही, तेव्हा जेवण झालं की हे बाग बघायला जातात. मी त्या वेळात भांडी आवरून घेते. कामं लवकर उरकतात.

आता उद्याची कणीक भिजवायची आहे, थांबते. आशीर्वादाचा हात डोक्यावर असू दे.

तुमची,
चंदना

*

मळा, तासगाव
ता. २२ सप्टेंबर

अक्काला धनपालचा शिरसाष्टांग नमस्कार.

तू हसशील, पन मला पत्र लिवायची सवय न्हाई. फोन केला तर तुला ऐकाय येत न्हाई आन हितं चंदना समोरच असती. म्हनून बागंत बसून लिवतोय. चुकलंमाकलं समजून घे. पर्युषण झालं, क्षमावणीबी झाली. माझ्याकडनं काय चुकलं आसल तर क्षमा कर.

अक्का, तिचा हात परत गेला. आधी लय चांगला झालता, तुला तिनं लिवलं आसंलच. आता परत पहिल्यासारखं. हात वर जात न्हाई. रातीला कण्हती, आन मला जाग आली की गप हुती. मला वाटलं, मशीन बिघडलं. तर परवा श्रद्धा पट्टी बदलाय बसली तवा तिनं बघितलं, डबीवरचा दिवाच लागत न्हवता. बिघडलं न्हवतं, बंद करून ठेवलंतं.

इचारलं तर म्हनाली, चौक्यात सोवळ्यावर करंटची डबी चालत न्हाई. मी म्हटलं, बरं बाई. देवळातल्या पंडितांना घिऊन महाराजांकडं गेलो, हात जोडून इचारलं. महाराजांनी सांगितलं, दुखण्यावर इलाज करण्यात काय दोष न्हाई, शंका धरू नका. तिला येऊन सांगितलं. बरं म्हनाली. दुसऱ्या दिवशी परत बंद. आगं, चौका सकाळचा, मग संध्याकाळी का बंद? तर म्हनती, इसरले. सात वर्सं ज्या दुखण्यानं झोप न्हाई, ते माणूस आसं इसरंल का, तूच सांग.

डॉक्टरबाईला फोन लावला. ती म्हनाली, मशीन बंदच ठेवलं तर गुण येतोय का न्हाई ते मला कळायचं कसं? आसंच राहिलं तर दसरा झाला की तार काढून टाकायची, कायमच्या मशीनचा इचार सोडून द्यायचा. मंग हाय तेच दुखणं जलमभर. अक्का, मला ते बघवत न्हाई गं.

तेल लावायचंबी डॉक्टरनी बंद केलंय. जेवण झालं की काय करावं कळत न्हाई. हितं बागंत येऊन बसतो. काम काय नसतंय, नुसता बसतो.

तुझं ती ऐकती. तू लिव. मी लिवलंय म्हनून सांगू नगंस, न्हाईतर सांग, तुला काय वाटंल तसं. धाकट्यावर जीव हाय तेवढा राहू दे.

तुझा,
धना

*

सातारा
दि. २६ सप्टेंबर २०२४

चि. सौ. चंदनास अक्काचे आशीर्वाद.

धनपालचं पत्र आलं. तो सांगू नकोस म्हणाला आणि सांगही म्हणाला, म्हणून सांगते. त्या माणसानं शाळा सुटल्यापासून मला एक ओळ लिहिली नव्हती. तुझ्यासाठी दोन पानं लिहिली, तीही बागेत बसून, गुडघ्यावर कागद ठेवून. अक्षर अजून तसंच आहे.

तू मशीन बंद ठेवतेस असं त्यानं लिहिलं आहे, आणि चौक्याचं कारण सांगतेस. चंदना, मीही त्याच देवळात वाढले. सोवळं तुझ्याइतकंच मलाही कळतं. सोवळ्यातलं काम संपलं की माणूस साडी बदलतो, मग ती डबी चालू करायला काय होतं? आणि महाराजांनीच शंका काढून टाकल्यावर कोणती उरली?

मशीन त्रास देतं का? करंटची भीती वाटते का? पट्टीनं कातडी सोलते का? काही असेल तर लिही, मी डॉक्टरीणबाईंना स्वतः पत्र पाठवते. की गुणच आला नव्हता आणि आम्हाला बरं वाटावं म्हणून तू आला म्हणालीस? ते तर तुझ्याकडून मला सहज खरं वाटेल.

मी रागावलेली नाही. म्हणजे थोडी आहे, पण ते सोड. दसरा तोंडावर आला. एकदा ती तार निघाली की मग पुढचा सगळा जन्म तुला त्या खांद्यासकट काढायचा आहे, आणि मला ते इथं बसून ऐकायचं आहे, कान असोत नसोत. तेव्हा काय असेल ते मला लिही. धनपालला कळवणार नाही.

वाट बघते आहे.

तुझी,
अक्का

*

।। श्री वीतरागाय नमः ।।

तासगाव
दि. १ ऑक्टोबर २०२४

ती. अक्कांना चंदनाचा सा. न. वि. वि.

तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते. हे पत्र श्रद्धाच्या हाती देणार नाही, मी स्वतः जाऊन पोस्टात टाकणार आहे.

मशीन चांगलं आहे. त्याचा काही दोष नाही. गुण आला होता तोही खरा. चौक्याचं कारणसुद्धा, तुम्हाला गुण आल्याचं लिहिल्यानंतर डबी पहिल्यांदा बंद केली त्या दिवशी, खरंच होतं. सोवळ्यात ही डबी कशी चालेल, असं माझं मलाच वाटलं, मला कुणी काही म्हटलं नव्हतं. म्हणून बंद केली. दुपारपर्यंत खांदा ठणकायला लागला. हात मांडीवर ठेवून कट्ट्यावर बसले. तेवढ्यात हे आले, माझ्याकडे बघितलं आणि विहिरीवरची घागर स्वतः आणून आत ठेवली. संध्याकाळी श्रद्धा आली ती मला न विचारता पोळ्या लाटायला बसली. मी बसूनच राहिले. बरी झाल्यापासून मला कुणी बस म्हटलं नव्हतं, अक्का.

दुसऱ्या दिवशी चौका आटोपला आणि डबी चालू करायला हात गेला, तो तसाच मागं आला. परातीचं तुम्ही गमतीनं लिहिलं होतंत. ती गंमत माझ्या मनात घर करून बसली.

मी कुणाला नावं ठेवत नाही. श्रद्धानं नोकरी करावी असं मलाच वाटत होतं. यांनी टोळीतल्या बायका कमी केल्या त्या माझ्या कौतुकानंच. कुणी वाईट मनानं सांगितलं तर भांडता तरी येतं. सगळे इतके आनंदात होते की मी द्राक्षाच्या मांडवाखाली हात वर करून दिवसभर उभी राहायला तयार झाले. आणि खांदा दुखत नव्हता, तरी मी दमले होते. लग्न होऊन या घरात आले तेव्हापासून दमलेली आहे, असं वाटतं. पण दमले म्हणून बसायची रीत आपल्याकडे आहे का? ताप तरी पाहिजे, नाहीतर दुखणं तरी पाहिजे. माझ्याकडे दुखणं होतं. ते गेलं आणि मला कशावर बसावं कळेना.

आणि आणखी एक आहे. हे लिहायला लाज वाटते, तुम्ही यांची बहीण, आणि आपली वयं काय! पण अर्धं सांगून काय उपयोग? मला तेल पाहिजे. तेल म्हणजे तेल नव्हे हो. रोज संध्याकाळी ते माझ्यामागं बसायचे. बोलणं फार नसायचं. आज कुणाच्या बागेत काय रोग पडला, बेदाण्याचा सौदा कसा निघाला, एवढंच. कधी तेही नसायचं. पण बसायचे. लग्नाला इतकी वर्षं झाली, त्यात माझ्याजवळ असे बसले ते माझा खांदा मोडल्यावरच. पट्टी लागली आणि ते बागेकडे जायला लागले. मशीन कायमचं बसलं तर ते कायमचेच जातील.

तुम्ही म्हणाल, मग राहू दे दुखणं. तसंही नाही. रात्री कूस बदलता येत नाही, डोक्यावर पदर घ्यायला डावा हात लागतो, कधी कधी वाटतं हा खांदा कुणीतरी काढून न्यावा. मला वेणी घालायची आहे. उजव्या कुशीवर झोपायचं आहे. आणि मला बसायचंही आहे, आणि यांनी जवळ असावं असंही वाटतं. हे सगळं एकदम कसं मिळायचं? दसऱ्यानंतर डॉक्टरबाई विचारतील, गुण आला का. मी काय सांगू?

फार लिहिलं. हात दुखतो आहे. तुमच्या पायांशी थोडी जागा ठेवा.

तुमची,
चंदना

*

सातारा
दि. ६ ऑक्टोबर २०२४

चि. चंदना, तुला पोटाशी धरून आशीर्वाद.

तुला रागवायचं म्हणून चष्मा लावून बसले होते. रागवता येईना. पत्र घडी करून ठेवलं, चहा केला, परत उघडलं.

माझं कानाचं मशीन अगदी चांगलं चालतं. कुकर आणि पंख्याचं मी तुला सांगते ती थाप आहे. ऐकू आलं की उत्तर द्यावं लागतं, एवढंच खरं. शेजारच्या बयाबाईंचं सुनेवरचं गाऱ्हाणं, सोसायटीची मीटिंग, भाचरांच्या सोयरिकी. ऐकू येत नाही म्हटलं की माणसं हात जोडतात आणि पुढं जातात. मलाही बसायचं असतं. बाईमाणसानं नुसतं नको म्हटलेलं कुणाला पटत नाही, कान गेले म्हटलं की लगेच पटतं. तेव्हा मी तुला कोणत्या तोंडानं रागवू?

पण माझं कपाटात ठेवून मला काही दुखत नाही. तुझं दुखतं. घटकाभर बसण्यासाठी एवढा भुर्दंड भरू नकोस गं. वेडी आहेस का?

धनपाल तुला आपणहून बस म्हणेल याची वाट बघू नकोस. त्याला ते सुचणार नाही. वाईट नाही तो, सुचतच नाही त्याला. तू ती डबी चालू कर, हिरवा दिवा लागू दे, आणि दिवा लागलेला असताना बस. दिवसाउजेडी, सगळ्यांच्या देखत. पहिले काही दिवस सगळे तुझ्याकडे विचित्र नजरेनं बघतील. बघू देत. टोळीला दोन बायका परत बोलवायला सांग. तेवढं सांगायला दुखावं लागत नाही.

तेलाचं मला वाचून हसू आलं आणि मग चष्मा पुसावा लागला. त्यात मी काय सांगणार? पण माझा भाऊ मला माहीत आहे. लहानपणापासून त्याला कुणाजवळ नुसतं बसता येत नाही. आईजवळ बसायचं असलं की शेंगांची पाटी घेऊन यायचा, फोडत बसायचा. आई म्हणायची, पुरे झाल्या शेंगा, तरी हा आपला फोडतोच. हाताला काम नसलं की तो उठून जातो. तुझा खांदा ही त्याची शेंगांची पाटी होती. तो बागेत जाऊनसुद्धा नुसता बसतो असं त्यानंच मला लिहिलं आहे. करमत नाही त्याला, पण करमत नाही म्हणजे काय ते त्याला कळत नाही.

डॉक्टरीणबाईंना खरं सांग. दसऱ्यापर्यंत थांबू नकोस. मी इकडे माझं यंत्र कानात घातलं आहे, आत्ता लिहिता लिहिताच. वरच्या मजल्यावरची खुर्ची खरंच बोलते. आता तुझी पाळी. फोनवर ऐकू आलं तरी पत्रं बंद करायची नाहीत.

तुझ्यावरचा जीव तसूभरही उणा झालेला नाही, हे लक्षात ठेव.

तुझी,
अक्का

*

।। श्री वीतरागाय नमः ।।

मळ्यातलं घर, तासगाव
दि. १४ ऑक्टोबर २०२४

ती. अक्कांना चंदनाचा साष्टांग नमस्कार.

तुमचं पत्र आलं त्याच्या दुसऱ्या दिवशी यांना म्हटलं, मिरजेला चला. दसऱ्याची वाट बघितली नाही. डॉक्टरबाईंना सांगून टाकलं की गुण येतो, मशीन मीच बंद ठेवत होते. त्या ओरडतील असं वाटलं होतं. त्यांनी फक्त का म्हणून विचारलं. हे शेजारच्या खुर्चीवरच होते. मी म्हटलं, दमले होते. बाईंनी यांच्याकडे बघितलं आणि हे भिंतीवरच्या सांगाड्याच्या चित्राकडे बघत राहिले. तासगाव आल्यावर म्हणाले, टोळीतल्या बायका परत बोलावतो. मी बरं म्हटलं.

तेव्हापासून डबी चालू आहे. खांदा पुन्हा हलका झाला. वेणी घालते. येत्या गुरुवारी ही तार काढतील, मधले काही दिवस पुन्हा दुखेल असं बाईंनी सांगून ठेवलं आहे, आणि दिवाळी झाली की कायमचं बसवायचं. मी हो म्हणून आले.

बसायला मात्र जमत नव्हतं. दोनदा बसले आणि कुणाची चाहूल लागली की उठून केरसुणी हातात घेतली. दुखत नसताना बसणं फार अवघड आहे हो अक्का, तुम्ही लिहिताना सोपं वाटलं होतं.

काल संध्याकाळी जेवणं झाली, उजेड होता. भांडी तशीच मोरीत ठेवली आणि कट्ट्यावर जाऊन बसले. हे बागेकडे निघाले होते, मला बघून थांबले. विचारलं, दुखतंय का. हो म्हणायचं अगदी जिभेवर आलं होतं. मी म्हटलं, नाही, काही दुखत नाही. त्यांनी वाकून डबीवरचा दिवा बघितला. दिवा लागत होता. बाईंना फोन लावू का म्हणाले. मी म्हटलं, फोन नको, मला काही झालेलं नाही, तरी बसा.

थोडा वेळ उभेच राहिले. मग बसले. मागं नाही, शेजारी. हातांचं काय करावं ते त्यांना कळेना. गुडघ्यांवर ठेवले, मांडीखाली घातले, मग मनगटावरची तुमची ती निळी राखी गोल गोल फिरवत राहिले. अंधार पडेपर्यंत बसले होते. भांडी सकाळी घासली.

तुमच्या कानांना आणि माझ्या खांद्याला सुख लाभू दे, आणि पत्र येत राहू दे.

तुमची,
चंदना

ता. क. शेंगांची पाटी घरात भरलेली होती. मी ती मुद्दाम आत ठेवली.